लाईटबिलाचे दोन स्लॅब, एक बिलावरचा आणि एक डोक्यावरचा

आमच्या घरात लाईटबिलावरून भांडण झालं नाही असा मे महिना मला तरी आठवत नाही. बाबा रिटायर झाल्यापासून घरातलं बटणखातं त्यांच्याकडे आहे, म्हणजे कोणी खोलीतून बाहेर पडलं की मागोमाग जाऊन दिवा बंद करायचा आणि "इथे काय कारखाना चाललाय का" असं सगळ्यांना ऐकू जाईल इतपत म्हणायचं. दिवा असतो ९ वॉटचा एलईडी. आणि त्याच वेळी बाथरूममध्ये २००० वॉटचा गिझर निवांत चालू असतो, त्याच्याकडे कोणाचं लक्ष नाही, कारण तो दिसत नाही ना, उजेड पडत नाही त्याचा.

एवढ्यावरूनच खरं तर सगळं सांगून होतं, पण नीट सांगतो. एक युनिट म्हणजे १००० वॉटची वस्तू एक तास चालवली की जेवढी वीज लागते ती. बस. मग ९ वॉटचा दिवा एक युनिट खायला किती वेळ घेईल, तर १११ तास, म्हणजे साडेचार दिवस रात्रंदिवस. गिझर तेच काम अर्ध्या तासात करतो. घरात जे जे काही गरम करतं किंवा थंड करतं ते खादाड, आणि जे नुसतं उजेड पाडतं किंवा बोलतं ते बिचारं कमी खाणारं, एवढं डोक्यात बसलं की निम्मी भांडणं संपतात. (आमची संपली नाहीत, पण विषय बदलला.)

आता बिलावरचा स्लॅब. ठाण्यात आणि नवी मुंबईत आपल्याला वीज महावितरणची. घरगुती दर पायऱ्यांचे आहेत: पहिली १०० युनिट, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि मग त्याच्या पुढची. दर बदलत राहतात म्हणून पैशापर्यंत नेमका आकडा मी देत नाही, तो तुमच्या बिलावरच बघा, पण वहन आकार (वीज आपल्यापर्यंत आणून पोचवायचा, तोही युनिटवरच) धरून हिशेबापुरते गोल आकडे घ्यायचे तर पहिल्या पायरीला ६ रुपये, दुसरीला १२, तिसरीला १६ धरा. त्याच्यावर १६ टक्के वीज शुल्क. स्थिर आकार वेगळा, तो तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी येणारच, त्याचं काही करता येत नाही.

इथे लोकांचा एक घोळ होतो आणि तो मी आमच्या बिल्डिंगच्या जिन्यात निदान चार वेळा ऐकलाय, की ३०० च्या वर एक जरी युनिट गेलं तरी सगळीच्या सगळी युनिट महाग दराने लागतात. तसं नाही हो. पहिली १०० ही स्वस्तच राहतात, पुढची २०० मधल्या दराने, आणि वर जेवढी गेली तेवढीच महाग. पण याचीच दुसरी बाजू अशी की आपण जेव्हा वाचवतो तेव्हा खालची स्वस्त युनिट वाचत नाहीत, वरची महागवालीच कमी होतात. आता हे बघा, मे महिन्यात आमची ३४० युनिट झाली. १०० गुणिले ६ म्हणजे ६००, २०० गुणिले १२ म्हणजे २४००, वरची ४० गुणिले १६ म्हणजे ६४०. झाले ३६४०, शुल्क धरून ४२२२. समजा यातली ६० वाचवली आणि २८० वर आणली, तर ६०० अधिक २१६०, झाले २७६०, शुल्कासकट ३२०२. म्हणजे ६० युनिट वाचवून हजारावर रुपये वाचले, एकेक युनिट १७ रुपयांना पडलं. सरासरी काढणारा माणूस म्हणेल की बिल भागिले युनिट, १२ रुपये पडतात, त्यात काय एवढं. तो चुकतोय. पंखा बदलू का, फ्रीज बदलू का, हा हिशेब करताना सरासरी दर धरायचाच नाही, आपण ज्या पायरीवर उभे आहोत तिथला धरायचा. मी पुढे सगळीकडे मधल्या पायरीचे शुल्कासकट १४ रुपये धरतोय, उन्हाळ्यात तुमचं ३०० च्या वर जात असेल तर आणखी चार साडेचार मिळवा.

मग प्रश्न येतो की आपल्या घरात खातंय कोण. इथे बहुतेक लेख "स्टार बघून घ्या" म्हणून मोकळे होतात. अरे पण घरात आधीच असलेल्या वस्तूंचं काय? तर त्याला एक फुकटचा उपाय आहे आणि तो तुमच्या मीटर रूममध्ये लुकलुकतोय.

डिजिटल मीटरवर एक छोटा लाल दिवा असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरात ३२०० किंवा १६०० असा आकडा आणि पुढे पल्स पर युनिट अशा अर्थाचं काहीतरी छापलेलं असतं. ३२०० असेल तर तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट पडलं. म्हणजे एका मिनिटात किती वेळा लुकलुकला ते मोजायचं आणि १८.७५ ने गुणायचं, की त्या क्षणाला घरात किती वॉट जातायत ते कळतं. १६०० वाला मीटर असेल तर ३७.५ ने गुणायचं. झालं, याला ना इलेक्ट्रिशियन लागत ना अॅप.

आम्ही हे एका रविवारी सकाळी केलं. आमची नौपाड्यातली जुनी चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही, आम्ही सगळ्यात वर, मीटर तळाशी जिन्याखाली. मी खाली मोबाईलवर, मुलगा वर. पहिल्यांदा त्याला म्हटलं सगळं बंद कर. तो म्हणाला केलं. मी बघतोय तर दिवा चालूच, मिनिटाला दोनदा, आरामात. म्हणजे ३७ वॉट. म्हटलं अरे बघ नीट, फ्रीज? बंद. पंखे? बंद. मग कोण? तर सेट टॉप बॉक्स, वायफायचा राऊटर, मायक्रोवेव्हचं घड्याळ, आणि एसीचा स्विच जो आम्ही ऑक्टोबरनंतर बंदच केला नव्हता. तेवढ्यात वॉचमनकाका येऊन बाजूला उभे राहिले, त्यांना वाटलं मीटरमध्ये काहीतरी झोल चाललाय. त्यांना समजावलं तर ते म्हणाले माझ्या केबिनचा पण मोजा. असो. तर ३७ वॉट म्हणजे दिवसाला पाऊण युनिटपेक्षा जास्त, महिन्याला २७ युनिट, घरात कोणी नसताना. यातला सेट टॉप बॉक्स एकटा दहा-पंधरा वॉट घेतो आणि रिमोटने बंद केला तरी तो आतून जागाच असतो, टीव्हीचा आवाज बंद होतो म्हणून आपल्याला वाटतं झोपला. रात्री भिंतीवरचं बटण बंद केलं की झालं. राऊटर मात्र बंद करता येत नाही, घरात बंड होतं. आणि मोबाईलचा चार्जर नुसता प्लगला लावून ठेवला तर वीज जाते म्हणून जे ओरडतात त्यांच्यासाठी, नुसत्या चार्जरने आमच्या मीटरचा वेग बदललेला मला दिसला नाही, तो सोडून द्या.

मग एकेक वस्तू लावत गेलो. हॉलचा जुना पंखा, मिनिटाला चार, म्हणजे ७५ वॉट. फ्रीज, कॉम्प्रेसर सुरू असताना नऊ, म्हणजे १७० च्या आसपास. गिझर लावला तर दिवा लुकलुकायचा थांबून थरथरायलाच लागला, मोजताच येईना, हिशेबाने ते मिनिटाला १०७ पडतात. मुलगा वरून ओरडला, "बाबा किती?" म्हटलं, राजा, तू आंघोळ करतोस ना, तेवढे.

गिझरचंच घेऊ मग. इथे भौतिकशास्त्र अगदी सोपं आहे: एक लिटर पाणी एक अंशाने गरम करायला साधारण १.१६ वॉट-तास लागतात, गिझर कुठल्याही कंपनीचा असो, पाच स्टार असो की शून्य. यात कोणाची हुशारी चालत नाही. २० लिटरची बादली, नळाचं पाणी २६ अंश, आंघोळीचं ४० अंश, म्हणजे १४ अंशांचा फरक, २० गुणिले १४ गुणिले १.१६ केलं की ३२५ वॉट-तास, म्हणजे एक तृतीयांश युनिट. बादलीभर आंघोळ साडेचार रुपयांची. आता शॉवर, मिनिटाला ८ लिटर धरा आणि १० मिनिटं धरा, ८० लिटर झालं, म्हणजे १.३ युनिट, १८ रुपये. चार माणसांचं महिन्याचं काढलं तर बादलीने ४० युनिट आणि शॉवरने १५६. आजीच्या काळची बादली आणि तांब्या हे घरातलं सगळ्यात स्वस्त ऊर्जा बचतीचं यंत्र आहे, फक्त त्याला स्टार लावलेले नाहीत.

आणि गिझर चालू राहिला तर? दिसेल ते बटण लगेच बंद करणाऱ्या बाबांच्या इथे मी थोडा विरोधात आहे. टाकीवाल्या गिझरमध्ये पाणी गरम झालं की थर्मोस्टॅट तोडतो, मग तो फक्त टाकीतून जी उष्णता बाहेर झिरपते तेवढीच भरून काढतो. अर्धा तास जास्त राहिला म्हणून घर बुडत नाही. पण दिवसभर राहिला तर टाकीच्या आकाराप्रमाणे आणि जुनेपणाप्रमाणे युनिटभर जाऊ शकतं, म्हणजे महिन्याला चारशे रुपये निव्वळ भिंत गरम करायला. गिझरवरचे स्टार याच झिरपण्यावर दिलेले असतात. तापमानाची चकती ५० वर आणून ठेवा, आपल्याकडे काही महाबळेश्वर नाही. मेमध्ये तर आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी असं येतं की थंड नळाखाली हात धरवत नाही, त्या दिवसांत गिझरचा एमसीबीच खाली करून ठेवतो. गॅस गिझर लावला असेल तर विजेचं बिल कमी होतं हे खरं, पण एक सांगतो, तो बंद बाथरूमच्या आत कधीही लावू नका. जळताना कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ शकतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आत बेशुद्ध पडतो आणि बाहेरच्यांना वाटतं अजून आंघोळ चाललीय. तो बाहेर मोकळ्या हवेवर किंवा धूर बाहेर नेणाऱ्या पाइपासकटच हवा.

आता एसी, आणि त्याच्याबरोबर डोक्यावरचा स्लॅब, कारण वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे दोन वेगळे करताच येत नाहीत.

करून बघायचं असेल तर एप्रिलमध्ये रात्री दहाला स्टुलावर चढून छताला हात लावा. कोमट भाकरीसारखं लागतं. काँक्रीट दिवसभर ऊन पितं, पण ते जाड असल्यामुळे ती उष्णता खालपर्यंत यायला पाच-सहा तास घेते, म्हणजे दुपारचं ऊन आपल्या डोक्यावर रात्री पडतं, बरोबर आपण झोपायच्या वेळेला. मग आपण एसी लावतो आणि तो बिचारा खोलीतली हवा नाही, आख्खा स्लॅब थंड करत बसतो. आमच्याकडे कोविडमधली ती कपाळावर रोखायची बंदूक पडून होती, ती एका रात्री छतावर रोखली तर आकडाच येईना, नुसतं "हाय" दाखवायला लागली. ती ४३ च्या आसपासच थांबते, त्याच्या वर माणसाचं तापमान जात नाही ना.

मग आम्ही आणि शेजारच्या काकूंनी मिळून कमिटीला विचारून आमच्या दोन घरांवरच्या गच्चीला चुना मारला. साधा चुना, त्यात थोडा फेविकॉल म्हणजे सुटत नाही, दोन हात. काळ्या डांबरी पट्ट्यांची गच्ची होती ती पांढरी झाली. तत्त्व एवढंच की पांढरा रंग ऊन परत आकाशात पाठवतो, काळा गिळतो. मुंबईतल्या जुन्या बिल्डिंगांच्या गच्चीवर ते पांढरे फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवलेले असतात ना, चायना मोझॅक, तेही शोभेसाठी नाही, पाणी आणि ऊन दोन्ही बाहेर ठेवायला आहेत. आठवड्याने बंदुकीने ३८ दाखवलं. आकडा दाखवला हेच मुळात यश. चुना पावसात धुपतो आणि शेवाळ धरतो, म्हणजे हे दरवर्षी करावं लागतं, कायमचं हवं तर उष्णता परावर्तित करणारा गच्चीचा रंग मिळतो तो चार-पाच वर्षं टिकतो पण खर्च बराच जास्त, आणि त्यासाठी सोसायटीने पैसे काढायला हवेत, म्हणजे मीटिंग, म्हणजे पुढचा उन्हाळा.

खिडकीचंही तसंच आहे. आमची बेडरूम पश्चिमेची. आतून जाड पडदा लावून उपयोग अर्धाच, कारण ऊन काचेच्या आत आलं की ते घरातलंच झालं, मग ते पडद्यावर पडो की गादीवर. ते काचेच्या बाहेरच अडवायचं. ग्रिलला बाहेरून नर्सरीवाली हिरवी जाळी किंवा बांबूचं चिक बांधा, दोन-चारशे रुपयांचं काम आहे.

जळगावचे मामा आले की दरवर्षी विचारतात, एसी कशाला, कूलर घ्या, आमच्याकडे कसा गारठा होतो. होतो, कारण तिकडची हवा कोरडी. कूलर पाणी उडवून हवा थंड करतो, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत आधीच एवढं बाष्प की पाणी उडतच नाही, खोली थंड होत नाही, चिकट मात्र होते. ठाण्यात नवी मुंबईत कूलर म्हणजे पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

याच दमटपणामुळे आपला एसी बरंचसं काम भलतंच करत असतो. एकदा एसीच्या पाण्याच्या पाइपखाली बादली ठेवून बघा. आमच्याकडे एका रात्रीत ८ लिटर जमलं. हे सगळं पाणी हवेतलं बाष्प होतं, त्याचं पाणी करताना जेवढी उष्णता निघाली ती बाहेर फेकायला एसीला साधारण दीड युनिट लागलं असणार, खोली एक अंशही थंड न करता. म्हणून एसीच्या खोलीत ओले कपडे वाळत घालायचे नाहीत (जुलैत सगळे हेच करतात), दाराखालच्या फटीला जुना टॉवेल लावायचा, आणि स्वयंपाकघराचं दार कुकर चालू असताना बंद. बादलीतलं ते पाणी फेकू नका, लादी पुसायला चालतं.

तापमानाचं म्हणाल तर १८ वर लावल्याने खोली लवकर थंड होत नाही, हा गैरसमज लिफ्टचं बटण चार वेळा दाबण्यासारखा आहे. एसी तेवढ्याच ताकदीने काम करतो, फक्त थांबत नाही. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, म्हणजे स्टार देणारी ती सरकारी संस्था, सांगते की एक अंश वाढवला की साधारण ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून आपल्याकडचे नवे एसी कारखान्यातूनच २४ वर लावून येतात. मी मीटरचं रीडिंग रात्री आणि सकाळी घेऊन, फ्रीज-पंखे वजा करून बघितलं: २४ वर एका रात्रीत ६.८ युनिट, २७ आणि सोबत छताचा पंखा मंद, ५.३. पंखा ३० वॉट खातो आणि अंगावर वारं लागलं की दोन-तीन अंश कमी वाटतं, याच्याहून स्वस्त सौदा नाही. बायको पहिल्या रात्री म्हणाली हे काय एसी लावल्यासारखं वाटत नाही, तिसऱ्या रात्री तिनेच पांघरूण मागितलं. एसीची जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, आणि बाहेरचं युनिट डक्टमध्ये कोंबलेलं असेल तर बघा की त्याची गरम हवा परत त्याच्याच तोंडात तर जात नाही, घोडबंदर रोडच्या नव्या टॉवरमध्येसुद्धा हा प्रकार मी पाहिलाय.

नवीन घ्यायचा असेल तर ३ स्टार की ५ स्टार? लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, पण ते वर्षाला १६०० तास धरून. आपण रोज रात्री ८ तास, एप्रिल ते जूनचा पूर्वार्ध आणि ऑक्टोबर, म्हणजे फार तर १०० ते १२० रात्री लावतो, हजारच्या आतच तास झाले. मग दोन लेबलांमधल्या फरकाला त्या प्रमाणात कापा. समजा लेबलवर फरक २०० युनिटचा, तर आपल्याकडे १२० चाच, गुणिले १४, वर्षाला १७०० रुपये. किमतीत ८ हजारांचा फरक असेल तर पावणेपाच वर्षं. घरून काम करणाऱ्याला, दिवसाही एसी लागणाऱ्याला ५ स्टारच. महिनाभरच लावणाऱ्याला ३ स्टार पुरे, दुकानदार काहीही म्हणो. आणि लेबलवरचं वर्ष बघा, निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुना ५ स्टार आज ४ किंवा ३ चाच निघू शकतो.

पंख्याचं मात्र डोळे मिटून सांगतो. साध्या पंख्याच्या मोटरमध्ये चुंबकत्व वीज वापरून तयार करावं लागतं आणि त्यात बरीचशी वीज उष्णतेत जाते, बीएलडीसी नावाने मिळणाऱ्या नव्या पंख्यात कायमचं चुंबक बसवलेलंच असतं. म्हणून ७५ च्या जागी ३० वॉट. दिवसाला १२ तास चालला तर महिन्याला १६ युनिट, सव्वादोनशे रुपये. तीन हजारांचा पंखा वर्ष-सव्वा वर्षात फिटला. फक्त बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर सर्किटमधून काढायला सांगा, नाहीतर पंख्याचं आतलं कार्ड जाईल. आमच्या इलेक्ट्रिशियनने पहिल्या पंख्याला काढला नव्हता, तो पंखा दोन महिन्यात घुर्र घुर्र करून बसला आणि वॉरंटीत भांडण झालं. आणि घरातले सगळे बदलू नका हो, हॉल आणि बेडरूमचे बदला. देवघरातला जो संध्याकाळी अर्धा तास फिरतो तो तुमच्या नातवापर्यंत फिटणार नाही.

फ्रीजवर आमचं खूप डोकं खाऊन झालं. अठरा वर्षांचा, आईच्या माहेरून आल्यासारखा जिव्हाळ्याचा. प्लगला लावायचं छोटं वॉटमीटर हजारभर रुपयांत मिळतं ते लावून बघितलं, दिवसाला १.९ युनिट. मग दारात दहाची नोट धरून दार लावलं, नोट सुळकन निघाली, म्हणजे गॅस्केट गेलेलं, रात्रंदिवस बाहेरची दमट हवा आत. सातशे रुपयांत रबर बदललं, भिंतीपासून वीतभर पुढे ओढला, मागची जाळी झाडली (तिथून एक हरवलेला चमचा निघाला), १.४ वर आला. महिन्याला दोनशे रुपये, चार महिन्यात रबर फिटलं. नवीन फ्रीज दिवसाला ०.६ ने चालेल, म्हणजे वर्षाला आणखी चार हजार वाचतील, पण फ्रीज २७ हजारांचा. म्हणून अजून तोच आहे. बंद पडला की नवा घेऊ, चालू आहे तोवर आईला दुखवायचं नाही.

नवीन टीओडी मीटर (दिवसाच्या कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारे) लागलेल्यांना जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत सुरू झालीय. वॉशिंग मशीन, इस्त्री त्या वेळात करा, पण त्यासाठी जागरणाची किंवा रजेची गरज नाही, थंड पाण्यात कपडे धुण्याने त्याच्यापेक्षा जास्त वाचेल, कारण मशीनमधला हीटरसुद्धा गिझरच आहे.

राहता राहिली गच्चीवरची सोलर. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत एकट्याच्या घराला ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या सोलरला ७८ हजार अनुदान आहे, पण ते बंगलेवाल्यांना सोयीचं, बेलापूरला किंवा येऊरच्या पायथ्याशी ज्यांचं स्वतःचं छप्पर आहे त्यांना. आपल्यासारख्या फ्लॅटवाल्यांसाठी सोसायटीच्या सामाईक विजेला, म्हणजे लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांना, किलोवॉटमागे १८ हजार मिळतात. एक किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली गच्ची लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट निघतात, जुलैत कमी, मार्चमध्ये जास्त. दिवसा जास्तीची वीज महावितरणकडे जाते, रात्री ती वळती होते, नेट मीटरिंग म्हणतात ते हेच. ऐरोलीला भावाच्या सोसायटीने बसवलं, त्यांचा पंपच एवढा मोठा होता की सामाईक बिल पहिल्या वर्षीच उतरलं.

आमच्या सोसायटीत लिफ्ट नाही, पंप दिवसात पाऊण तास चालतो, सामाईक बिल मुळातच किरकोळ. तरी मी वार्षिक सभेत विषय काढला, कारण मला त्यात वेगळाच लोभ आहे. पॅनेल लागली की त्यांची सावली गच्चीवर पडणार, म्हणजे माझा स्लॅब आपोआप झाकला जाणार. हे मी उघड बोललो नव्हतो, पण तळमजल्यावरच्या काकांनी बरोबर ओळखलं, म्हणाले तुझं छत थंड करायला आम्ही वर्गणी काढायची का? विषय पुढच्या सभेवर गेलाय. तोवर बाबांनी यंदाच्या चुन्याची गोणी आणून जिन्याखाली ठेवलीय, बरोबर मीटर रूमच्या दारासमोर, म्हणजे आता लाल दिवा मोजायला जायचं तर आधी ती ओलांडावी लागते.